विश्लेषण : केटीएम बजाजच्या ताब्यात आली, पण पुढे काय?

राजगुरुनगरच्या कुठल्याही महाविद्यालयाबाहेर नारिंगी रंगाची ‘ड्यूक’ उभी दिसते. टाकीवर केटीएम हे ऑस्ट्रियन नाव असले, तरी ती गाडी इथून काही किलोमीटरवर, चाकणला तयार झालेली असते. हे नाव ज्या कंपनीचे, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली. पुढच्या वर्षभरात ती बुडता बुडता वाचली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिचे नियंत्रण पुण्याच्या बजाज ऑटोकडे आले. एकेकाळी परदेशी कंपनीकडून तंत्रज्ञान घेणारी कंपनी आता त्याच कंपनीची मालक झाली, याचे कौतुक झाले. मात्र ताबा मिळणे आणि कंपनी सावरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केटीएमचे भवितव्य काय आणि त्याचा चाकण पट्ट्याशी संबंध कसा, याचा हा आढावा.

नेमके काय घडले?

२९ नोव्हेंबर २०२४ रोजी केटीएम कंपनीने ऑस्ट्रियातील रीड येथील न्यायालयात पुनर्रचनेसाठी अर्ज केला. कंपनीची देणी २ अब्ज युरोंच्या घरात होती आणि पगार द्यायलाही पैसे नव्हते. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी धनकोंनी, म्हणजे ज्यांचे कंपनीकडून येणे होते त्यांनी, एक योजना मान्य केली. मान्य झालेल्या दाव्यांच्या ३० टक्के रक्कम एकदम रोख घ्यायची आणि उरलेल्या ७० टक्क्यांवर पाणी सोडायचे, अशी ही योजना होती. त्यासाठी सुमारे ५४.८ कोटी युरो २३ मे २०२५ पर्यंत जमा करायचे होते. मुदत संपायला एक दिवस उरला असताना बजाज ऑटोने ८० कोटी युरोंच्या मदतीची घोषणा केली. त्यातले २० कोटी आधीच दिलेले होते, ६० कोटी नवे होते. त्यानंतर स्पर्धा नियामक आणि परकीय गुंतवणुकीवर देखरेख करणाऱ्या यंत्रणांच्या परवानग्या मिळाल्या आणि १८ नोव्हेंबर २०२५ रोजी नियंत्रण बजाजकडे गेले. ‘पिअरर मोबिलिटी’ या मूळ कंपनीचे नावही बदलून ‘बजाज मोबिलिटी’ झाले.

केटीएम आणि बजाज यांचा संबंध किती जुना?

ऑस्ट्रियातील मॅटिगहोफेन या छोट्या गावात १९३४ मध्ये हान्स ट्रुंकेनपोल्झ यांनी दुरुस्तीचे दुकान काढले. पुढे एर्न्स्ट क्रोनराइफ भागीदार झाले. दोन्ही आडनावांची आणि गावाची आद्याक्षरे जोडून केटीएम हे नाव तयार झाले. कंपनी बुडण्याची ही पहिली वेळ नाही. १९९१ मध्येही ती दिवाळखोरीत गेली होती. तेव्हा तिचे तुकडे झाले आणि मोटारसायकलचा व्यवसाय स्टेफान पिअरर या उद्योजकाच्या गटाने उचलला. खडबडीत रस्त्यांवरच्या शर्यतींसाठी ओळखली जाणारी ही कंपनी पिअरर यांनी जगभर नेली.

बजाज ऑटोने नोव्हेंबर २००७ मध्ये केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला. पुढच्या काही वर्षांत तो ४७-४८ टक्क्यांपर्यंत गेला. मात्र सूत्रे पिअरर यांच्याकडेच राहिली. २०२१ मध्ये हिस्स्यांची अदलाबदल झाली. वर ‘पिअरर बजाज’ ही कंपनी बसली, तिच्यात पिअरर यांचे ५०.१ आणि बजाजचे ४९.९ टक्के. या कंपनीकडे खालच्या ‘पिअरर मोबिलिटी’चा जवळपास ७५ टक्के हिस्सा आणि तिच्या पोटात केटीएम. म्हणजे वरच्या कंपनीतल्या ०.२ टक्क्यांच्या फरकामुळे निर्णय ऑस्ट्रियात होत होते आणि बजाज मोठा, पण धाकटा भागीदार होता.

दोघांच्या कामाची वाटणी मात्र स्पष्ट होती. लहान इंजिनांच्या गाड्या संयुक्तपणे विकसित करायच्या, त्या चाकणला बनवायच्या आणि भारतासह जगभर विकायच्या. मोठ्या गाड्या मॅटिगहोफेनला बनायच्या. भारतात ‘२०० ड्यूक’ जानेवारी २०१२ मध्ये आली आणि जानेवारी २०२३ मध्ये चाकणमधून १० लाखावी केटीएम बाहेर पडली.

मग केटीएम अडचणीत का आली?

गाड्या वाईट होत्या म्हणून नव्हे. करोनानंतर युरोप-अमेरिकेत मोटारसायकलींची मागणी अचानक वाढली. ही वाढ कायमची आहे असे धरून केटीएमने उत्पादन वाढवले. २०२३ मध्ये समूहाने ३ लाख ८१ हजारांहून अधिक मोटारसायकली विकल्या, हा विक्रम होता. त्यानंतर व्याजदर वाढले, महागाई वाढली आणि हौसेची खरेदी लोकांनी पुढे ढकलली. २०२४ मध्ये विक्री सुमारे २ लाख ९२ हजारांवर आली. कारखाना मात्र जुन्याच वेगाने चालू राहिला. अर्ज दाखल झाला तेव्हा न विकलेल्या सुमारे २ लाख ६५ हजार गाड्या साठून राहिल्या होत्या, म्हणजे जवळपास ११ महिन्यांच्या विक्रीइतका माल.

साठलेला माल हिशेबाच्या वहीत मालमत्ता म्हणून दिसतो, पण तो बनवायला लागलेल्या कर्जाचे व्याज रोज चढत असते. तो खपवायला सूट द्यावी लागते, आणि सूट दिली की नव्या मॉडेलला पूर्ण किंमत मोजायला कुणी तयार होत नाही. त्यात कंपनीने याच काळात पसारा वाढवला होता. सायकलींचा व्यवसाय विकत घेतला, इटलीच्या ‘एमव्ही अगुस्ता’मध्ये आधी अल्प आणि मग बहुसंख्य हिस्सा घेतला. शर्यतींवरचा खर्च होताच. २०२४ या एका वर्षात समूहाचा तोटा १ अब्ज युरोंच्या पुढे गेला. संकटानंतर सायकली आणि अगुस्ता या दोन्हींतून कंपनीला बाहेर पडावे लागले.

ऑस्ट्रियातील प्रक्रिया आपल्यापेक्षा वेगळी कशी?

भारतात २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार प्रकरण दाखल झाले की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि व्यावसायिक प्रशासक सूत्रे हाती घेतो. प्रक्रियेला ३३० दिवसांची मर्यादा आहे, प्रत्यक्षात ती अनेकदा ओलांडली जाते. थकबाकीदार प्रवर्तकाला बोली लावण्यास साधारणपणे मनाई आहे. केटीएमने मात्र ‘स्वयंप्रशासना’ची वाट निवडली. त्यात न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या देखरेखीखाली कंपनीचे व्यवस्थापनच कारभार पाहते. धनकोंसमोर ठरावीक किमान टक्केवारीची योजना सुमारे ९० दिवसांत मांडावी लागते आणि त्यांनी ती नाकारली तर कंपनी मोडीत निघते. केटीएमच्या धनकोंनी ३० टक्के पत्करले, कारण कंपनी मोडीत काढली असती तर हाती याच्या निम्म्याच्या आसपास लागेल, असा हिशेब त्यांच्यासमोर होता. स्वतः पिअरर जानेवारी २०२५ मध्ये मुख्य कार्यकारी पदावरून बाजूला झाले आणि गॉटफ्रीड नॉयमायस्टर यांच्याकडे सूत्रे आली.

आणखी एक फरक कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रियात कंपनी बुडाली तर थकलेला पगार देण्यासाठी मालकांच्या वर्गणीतून उभा राहिलेला स्वतंत्र निधी आहे. केटीएमच्या कामगारांचे नोव्हेंबर २०२४ चे पगार याच निधीतून भागवावे लागले. आपल्याकडे संहितेत कामगारांच्या २४ महिन्यांच्या देण्याला तारणधारक बँकांच्या बरोबरीचे स्थान आहे, पण ते कंपनी मोडीत निघाल्यावर, मालमत्ता विकून पैसे आले तर. तोवर घर कशावर चालवायचे, याची तशी सोय नाही.

बजाजने एवढा पैसा का ओतला?

८० कोटी युरो म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ७,७०० कोटी रुपये. २०२४-२५ मध्ये बजाज ऑटोचा निव्वळ नफा आठ हजार कोटींच्या थोडा वर होता. म्हणजे जवळपास वर्षभराची कमाई एका बुडत्या कंपनीत गेली. वर्षाला ४६ लाखांहून अधिक वाहने विकणाऱ्या कंपनीला तीन लाख गाड्यांच्या कंपनीसाठी एवढी जोखीम घ्यावीशी का वाटली?

पहिले कारण म्हणजे, आधीची गुंतवणूक. केटीएम मोडीत निघाली असती तर सतरा वर्षांत घेतलेला हिस्सा शून्य झाला असता. दुसरे कारण चाकणचे. तिथे केटीएम आणि हुस्क्वर्ना या नावांच्या गाड्यांसाठी उभी केलेली जोडणी, साचे आणि पुरवठादारांची साखळी त्या नावांवर चालते. नाव दुसऱ्या कुणाच्या हाती गेले असते, उदाहरणार्थ केटीएमसाठी आधीपासून मधल्या क्षमतेच्या गाड्या बनवणाऱ्या चिनी ‘सीएफमोटो’सारख्या कंपनीच्या, तर चाकणच्या कामाचे काय झाले असते हा प्रश्नच होता. तिसरे कारण संधीचे. ज्या नियंत्रणासाठी चांगल्या काळात मोठी किंमत मोजावी लागली असती, ते पडत्या काळात कर्जाच्या वाटेने मिळाले. ६० कोटींपैकी ४५ कोटी केटीएमला तारण घेऊन दिलेले कर्ज होते आणि १५ कोटी वरच्या कंपनीतल्या परिवर्तनीय रोख्यांच्या रूपात. बजाज मालक होण्याआधी सावकार झाला, तो असा. कंपनी सावरली तर बजाज मालक म्हणून कमावणार आणि नाही सावरली तर निदान तारणाचा आधार राहणार. केटीएमच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ असा की जुने कर्ज माफ झाले, पण नव्याची सुरुवातही कर्जानेच झाली.

अशा अधिग्रहणात नेमके काय विकत घेतले जाते?

हौशी ग्राहकांच्या जिवावर चालणाऱ्या कंपन्यांमध्ये तीन गोष्टी असतात : नाव, कारखाना आणि काम जाणणारी माणसे. त्या एकत्र विकल्या जातीलच असे नाही. याची उत्तम उदाहरणे गिटारच्या व्यवसायात सापडतात, कारण तिथेही ग्राहक गरजेपेक्षा नावावरच्या श्रद्धेने पैसे मोजतो.

१९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ ही पहिली यशस्वी इलेक्ट्रिक बास गिटार बाजारात आणणारी अमेरिकेची ‘फेंडर’ कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण समूहाने १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. नवा मालक श्रीमंत होता, उत्पादन वाढले, पण दर्जा घसरल्याची तक्रार वाढत गेली. आजही वादक ‘सीबीएसच्या आधीची’ गिटार वेगळ्या भावाने विकत घेतात. १९८५ मध्ये बिल शुल्ट्झ यांच्या नेतृत्वाखाली कंपनीतल्याच लोकांनी ती परत विकत घेतली. त्यांना नाव मिळाले, माणसे होती, पण फुलर्टनचा जुना कारखाना त्या व्यवहारात नव्हता. काही काळ जपानमध्ये बनलेल्या गिटारवर त्यांना निभवावे लागले. तरीही कंपनी उभी राहिली.

‘गिब्सन’ची कथा केटीएमच्या अधिक जवळची आहे. गिटार चांगल्या खपत असताना या कंपनीने कर्ज काढून घरगुती ध्वनी उपकरणांचा व्यवसाय घेतला. तो बुडाला आणि मे २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी न्यायालयात गेली. नोव्हेंबरमध्ये ‘केकेआर’ या गुंतवणूक संस्थेच्या मालकीखाली, फक्त वाद्यांवर लक्ष केंद्रित करून ती बाहेर आली.

या दोन्ही उदाहरणांतून एक गोष्ट दिसते. कारखाना गेला तरी कंपनी पुन्हा उभी राहू शकते, नको तो पसारा विकता येतो. पण वस्तू कशी असावी हे ज्यांना कळते ती माणसे पांगली, की नाव हळूहळू पोकळ होते. ग्राहकाला ते कळायला काही वर्षे लागतात. तोवर ताळेबंद छान दिसतो.

आकुर्डीचा अनुभव काय सांगतो?

बजाजने केटीएममध्ये पहिला हिस्सा घेतला त्याच वर्षी, २००७ मध्ये, आकुर्डीच्या कारखान्यातले उत्पादन बंद केले. १९६० च्या दशकापासून ज्या कारखान्याने पिंपरी-चिंचवडच्या कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, तिथल्या सुमारे २,७०० कामगारांवर ही वेळ आली. उत्पादन चाकण, वाळूज आणि करसवलत असलेल्या पंतनगरला होणार होते. मात्र संशोधन आणि विकासाचे काम आकुर्डीतच राहिले. आणि पंधरा वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच आवारात इलेक्ट्रिक ‘चेतक’साठी नवा कारखाना सुरू झाला.

या घटनेचे दोन अर्थ लावता येतात आणि दोन्ही खरे आहेत. खर्चाचा हिशेब जमला नाही तर बजाज स्वतःच्या सर्वांत जुन्या कारखान्यालाही सूट देत नाही. त्यामुळे युरोपात बनवणे परवडते का, हा प्रश्न मॅटिगहोफेनला विचारला जाणारच. दुसरीकडे, जिथे अभियंते राहिले तिथे काम परत आले. पण ते आले तेव्हा २००७ चे कामगार त्या दारात नव्हते. पंधरा वर्षे वाट पाहणे कंपनीला जमते, कुटुंबाला जमत नाही.

याच पट्ट्यातले दुसरे उदाहरण टाटा मोटर्सचे. जून २००८ मध्ये टाटांनी फोर्डकडून जग्वार-लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतली. तेव्हाही सगळे काम भारतात जाईल अशी भीती ब्रिटनमध्ये होती. प्रत्यक्षात आराखडे आणि अभियांत्रिकी ब्रिटनमध्येच राहिली. काही गाड्यांची जुळणी पुण्यात झाली आणि नवा मोठा कारखाना स्लोव्हाकियात निघाला. मालक बदलला म्हणून काम सरळ मालकाच्या गावी जाते, असे होत नाही. जिथे परवडेल तिथे ते जाते.

चाकण आणि खेड तालुक्यासाठी याचा अर्थ काय?

‘ऑस्ट्रियाचे काम चाकणला येणार’ हा सरधोपट निष्कर्ष आहे. लहान गाड्यांचे काम आधीपासून इथेच आहे. मोठ्या गाड्यांची संख्या मुळात कमी असते. त्या चाकणला आणल्या तरी रोजगारात फार मोठी भर पडणार नाही. शिवाय अशा गाडीचा ग्राहक ती कुठे बनली हे विचारतो, हेही विसरून चालणार नाही.

चाकणला खरी झळ दुसरीकडून बसते. मॅटिगहोफेनचा कारखाना मार्च २०२५ मध्ये सुरू होऊन एप्रिलअखेर सुट्या भागांअभावी पुन्हा थांबला आणि जुलैअखेर सुरू झाला. पुरवठादारांनी आधी ७० टक्के येणे गमावले होते, ते रोखीशिवाय माल द्यायला कचरत होते. परदेशात जुना साठा पडून असताना चाकणहून नव्या गाड्या पाठवण्यात अर्थ नव्हता, त्यामुळे इथून होणारी निर्यातही मंदावली. अशा वेळी कंपनीच्या पटावरील कायम कामगाराला सहसा लगेच धक्का लागत नाही. कमी होतात त्या छोट्या पुरवठादाराच्या पाळ्या, आणि घरी बसतो तो ठेकेदाराकडचा मुलगा. चाकण, खेड, आळंदी परिसरात भाड्याच्या खोल्यांत राहणारी हजारो मुले अशा कामावर आहेत. त्यांच्या मागे ऑस्ट्रियासारखा पगाराचा निधी नाही.

त्यात देशांतर्गत करबदलाची भर पडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के झाला. चाकणला बनणारी ‘३९० ड्यूक’ आणि तिथेच बनणाऱ्या ट्रायम्फच्या ४०० सीसी गाड्या या रेषेच्या पलीकडे पडतात. म्हणजे केटीएमच्या मालकीचा प्रश्न सुटत असतानाच तिच्या सर्वांत गाजलेल्या भारतीय गाडीपुढे किमतीचा प्रश्न उभा राहिला.

पुढे कशावर लक्ष ठेवायचे?

पहिली गोष्ट, मॅटिगहोफेनच्या संशोधन विभागाची. खर्चकपात अटळ आहे, पण ती साठा, पसारा आणि व्यवस्थापनाच्या थरांत होते की अभियंत्यांत, यावर बरेच अवलंबून आहे. चाकणला चौदा वर्षे जे काम मिळाले ते तिथल्या आराखड्यांमुळे आणि शर्यतींत मिळवलेल्या नावामुळे. तो झरा आटला तर इथली जोडणीही काही वर्षांत थंडावेल. त्यामुळे मॅटिगहोफेनचा कामगार आणि चाकणचा कामगार एकमेकांचे प्रतिस्पर्धी वाटले तरी दोघांचे पोट एकाच नावावर आहे.

दुसरी गोष्ट, साठ्याची. साठा उपसून कारखाना मागणीच्या मापाने चालतो का, हे विक्रीच्या आकड्यांपेक्षा जास्त सांगून जाईल. तिसरी, सीएफमोटोशी असलेल्या संबंधांची. मधल्या क्षमतेच्या गाड्या चीनमध्येच बनत राहिल्या की चाकणकडे वळल्या, हा चाकणसाठी मोठ्या गाड्यांपेक्षा महत्त्वाचा निर्णय ठरेल. आणि चौथी, कर्जाची. बजाजने हा पैसा परदेशी बँकांकडून कर्ज घेऊनही उभा केला आहे. परतफेडीचा ताण वाढला, तर सबुरीला जागा कमी उरते.

केटीएम १९९१ नंतर उभी राहिली, कारण कुणीतरी तिचा पसारा तोडून जे तिला उत्तम जमत होते तेवढेच तिच्याकडे ठेवले. तीच कंपनी तीस वर्षांनी पुन्हा पसाऱ्यात अडकली. आता ते तोडण्याचे काम आकुर्डीत बसलेल्या मालकाला करायचे आहे. नेमके काय तोडायचे नाही, हे ओळखणे त्यातला अवघड भाग असेल.